पिंगुळीला बाहुल्या बघायला जाताय?

सिंधुदुर्गातल्या कुडाळ स्टेशनला उतरून नुसतं 'पिंगुळी' म्हणालात, तर रिक्षा बहुधा राऊळ महाराजांच्या मठाकडे वळेल. मठातही जा, पण बाहुल्या बघायच्या असतील तर 'गुढीपूर, ठाकर आदिवासी कला आंगण' असं संग्रहालयाचं नाव नीट सांगा.

परशुराम गंगावणे यांनी हे संग्रहालय उभं केलं ते स्वतःच्या गुरांच्या गोठ्यात. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मोठ्या शहरातल्या संग्रहालयासारखी दालनं डोळ्यांपुढे ठेवून गेलात, तर दहा मिनिटांत बाहेर याल. इथली गंमत अशी की वस्तू हलवणारी, गाणारी माणसं घरचीच आहेत. म्हणून खेळ बघितल्याशिवाय परतू नका. त्यासाठी आधी फोन करून दिवस आणि किती जण येणार ते कळवा. बिदागीचंही तेव्हाच मोकळेपणी विचारून घ्या. गायला-वाजवायला माणसं जमवावी लागतात. दारात उभं राहून 'जरा दाखवा ना' म्हणणं बरं दिसत नाही. चार-पाच कुटुंबं मिळून गेलात तर सगळ्यांनाच परवडतं.

मी चित्रकला शिकवते, त्यामुळे माझा जीव चामड्याच्या बाहुल्यांत जास्त अडकतो. खेळ पडद्यासमोर बसूनच बघा. मागे दिवा, पुढे सावल्या, रामायणातली कथा. तो संपला की विचारून पडद्यामागे जा आणि एखादी बाहुली उजेडापुढे धरायला सांगा. एरवी कळकट तपकिरी दिसणारं चामडं उजेड लागताच अर्धपारदर्शक होतं, रंग उजळतात. मुकुट आणि हारांची नक्षी निरखून बघा. ती रंगवलेली नाही. चामड्याला पाडलेल्या बारीक भोकांतून आलेला तो उजेड आहे. माझ्या विद्यार्थ्यांना हे तोंडी सांगून कधीच पटलं नव्हतं.

कळसूत्री बाहुल्या लाकडाच्या. मुलं बाहुल्यांकडेच बघणार, त्यांना बघू द्या. तुम्ही मात्र संधी मिळाली तर सूत्रं धरणाऱ्या बोटांवर नजर ठेवा.

चित्रकथीला, म्हणजे चित्रं दाखवत गाऊन गोष्ट सांगायच्या कलेला, घाई करू नका. एका कथेच्या चित्रांच्या संचाला पोथी म्हणतात. दोन कागद पाठीला पाठ लावून चिकटवलेले असतात. एक चित्र सांगून झालं की पान फिरवायचं आणि गोष्ट पुढे न्यायची. नुसती भिंतीवर टांगलेली चित्रकथी म्हणजे निम्मीच चित्रकथी, हे माझं ठाम मत. टाळ आणि हुडूक (डमरूसारखं छोटं चर्मवाद्य) वाजू लागले की त्या चित्रांतले मोठाले डोळे रागावलेले की घाबरलेले, ते कळतं. मुलांना वही-पेन्सिल द्या आणि फक्त एक डोळा उतरवून काढायला सांगा. अख्खं चित्र काढायला लावलंत तर कंटाळतील.

जुन्या पोथ्यांना हात लावू नका आणि फ्लॅश मारून फोटो काढू नका. आठवण म्हणून विकत घ्यायचं झालं तर तिथेच काढलेलं चित्रकथीचं चित्र घ्या, कोणी काढलं तेही विचारा. कागद घडी न घालता गुंडाळा. पावसाळ्यात गेलात तर प्लॅस्टिकची पिशवी घरूनच न्या. वेळ उरला तर पुढे सावंतवाडीला जाऊन राजवाड्यातली गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते, बघा.