भूमध्य समुद्रावरची निवांत पुळण कशी गाठावी: कासी ते आं-व्हो

आं-व्होची पुळण फोटोंत दिसते तशी रिकामी पाहायची असेल, तर सकाळी साडेनऊच्या आत तिथे पोचायला हवं. बाकीचा सगळा बेत या एका गोष्टीभोवती आखायचा. कारण ही जागा आता गुपित राहिलेली नाही. दक्षिण फ्रान्समध्ये मार्सेय आणि कासी यांच्यामधल्या किनाऱ्यावर चुनखडीच्या पांढऱ्या कड्यांत समुद्र बोटांसारखा आत शिरलाय. या चिंचोळ्या खाड्यांना तिथे 'कालांक' म्हणतात. हिमयुगात समुद्र खूप खाली होता, तेव्हा या दऱ्या होत्या. पाणी वर चढलं आणि त्या बुडाल्या. 2012 साली हा सगळा पट्टा राष्ट्रीय उद्यान झाला. आं-व्हो ही त्यातली सर्वांत देखणी, आणि म्हणूनच जुलै-ऑगस्टच्या दुपारी तिथे टॉवेल पसरायलाही जागा नसते.

महिना ठरवा

मे, जूनची सुरुवात किंवा सप्टेंबरची अखेर. मला विचाराल तर सप्टेंबरच. मे महिन्यात डोंगर हिरवा आणि हवा छान असते, पण पाणी सोळा-सतरा अंशांच्या आसपास. कोकणच्या कोमट समुद्रात वाढलेल्या माणसाचे दात वाजतात. उन्हाळाभर तापलेलं पाणी सप्टेंबरात बऱ्यापैकी ऊब धरून असतं, आणि शाळा उघडल्यामुळे गर्दी ओसरते.

आदल्या संध्याकाळी नकाशा बघा

ही पायरी लोक हमखास विसरतात. 1 जून ते 30 सप्टेंबर या काळात वणव्याच्या धोक्यानुसार डोंगर उघडा ठेवायचा की बंद, हे रोज ठरतं. दुसऱ्या दिवसाचा नकाशावरचा रंग आदल्या संध्याकाळी सहाच्या सुमारास जाहीर होतो. लाल म्हणजे प्रवेश बंद, आणि तिथे वशिला, विनवणी काही चालत नाही. उद्यानाच्या 'मे कालांक' या ॲपवर तो दिसतो. (यातल्या 'मे'चा महिन्याशी संबंध नाही, फ्रेंचमध्ये 'माझ्या'.)

पहिल्या खेपेला मी जुलैत गेलो होतो. हॉटेल ठरलेलं, बूट घासूनपुसून तयार, आणि सलग दोन दिवस लाल. आकाश निरभ्र, पावसाचं नाव नाही, तरी बंद. मग कळलं की निरभ्र आकाश हाच खरा त्रास. मिस्त्राल नावाचा वायव्येचा कोरडा वारा ढग पळवून लावतो, झाडं वाळवतो, आणि अलेप्पो पाइनच्या रानात एक ठिणगी पुरते. म्हणून एकाच दिवसावर बेत बेतू नका. कासीत निदान दोन रात्री काढा. लाल दिवशी बंदरातून निघणाऱ्या बोटींतून कालांक लांबून पाहता येतात, पण त्या कुठे उतरवत नाहीत, आणि वारा फार असला तर त्याही उभ्याच राहतात.

कासीला पोचा

मार्सेयच्या सें-शार्ल स्टेशनवरून कासीची गाडी अर्ध्या तासाच्या आत पोचवते. गावाच्या नावातला शेवटचा 'स' तिथले लोक उच्चारत नाहीत. 'कासी' म्हणा, काशी नव्हे, तरी पुण्य कमी पडत नाही. स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर वर आहे, खाली यायला बस मिळते. स्वतःची गाडी आणायचा मोह टाळा, उन्हाळ्यात पार्किंग शोधण्यातच सकाळ जाते.

मार्सेयला एक दिवस हाताशी असेल तर बंदरावर चक्कर मारा. शाळेच्या पुस्तकातलं 'मार्सेलिस' ते हेच. 8 जुलै 1910 रोजी सावरकरांनी 'मोरिया' बोटीतून उडी मारली ती इथल्या बंदरात. कड्यांकडे जाताना ते पाणी पाहून पुढे जावंसं वाटणं साहजिक आहे.

पिशवी भरा

माणशी दोन लिटर पाणी. कासी सोडलं की वाटेत नळ नाही, टपरी नाही, स्वच्छतागृहही नाही. टोपी, पाव-चीज, आणि माझ्यासारखे असाल तर लोणावळ्याची चिक्की. कचऱ्यासाठी रिकामी पिशवी, कारण पुळणीवर कचराकुंडी नाही. डोंगरात सिगारेट पेटवायला बंदी आहे, चूल किंवा शेगडीचा तर प्रश्नच नाही.

बुटांबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे पाय मोडतात ते चपलांमुळे. हजारो पावलांनी तासून वाटेवरची चुनखडी जुन्या देवळाच्या उंबरठ्यासारखी गुळगुळीत झाली आहे. कोरडी असतानाही ती चकाकते. तळाला नक्षी झिजलेले बूट घालून तिच्यावर पाय ठेवलात की आधी टाच सरकते, मग तुम्ही. घट्ट पकडीचे बूट चालायला, आणि वेगळे रबरी बूट पाण्यात जायला. खडकांत काळ्या काट्यांच्या समुद्री साळी, म्हणजे सी अर्चिन, दबा धरून असतात.

सातला निघा

कासीच्या बंदरातून पश्चिमेला चालू लागा. पहिली येते पोर-मिऊ, किलोमीटरभराहून लांब, शिडाच्या बोटींनी गच्च भरलेली. तिथे फार रेंगाळू नका. खडकांवर आणि झाडांवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांची खूण दिसेल, तीच धरून ठेवा. पुढची पोर-पँ छोटी, पाइनच्या सावलीतली, उतार सोपा. सोबत लहान मुलं किंवा गुडघ्यांची तक्रार असलेली आई-बाबा मंडळी असतील तर दिवस इथेच काढा. मनापासून सांगतो, यात काही हुकल्यासारखं नाही.

पुढे चढण लागते, पठार येतं, आणि अचानक जमीन संपते. खाली आं-व्हो. दोन्ही बाजूंनी पांढरे सरळसोट कडे, मध्ये निळ्या-हिरव्या पाण्याची पट्टी, टोकाला गोट्यांची इवलीशी पुळण. फोटो इथूनच काढून घ्या, खाली गेल्यावर हा कोन मिळत नाही.

उतार तीव्र आणि घसरडा आहे. काठ्या पिशवीला बांधा, दोन्ही हात मोकळे ठेवा, आणि जिथे शंका येईल तिथे सरळ बूड टेकून उतरा. लाजायचं काय त्यात? शेजारून गिर्यारोहक दोर सांभाळत जात असतील, त्यांच्या वेगाशी बरोबरी करू नका. कासीपासून इथवर दोन तास धरा.

पाण्यात उतरताना

कोकणातल्या माणसाला दोन गोष्टी नव्याने शिकाव्या लागतात. पहिली, भरती-ओहोटीचं कोष्टक विसरा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाला पाणी चार मीटरहून जास्त वर-खाली होतं. इथे जेमतेम वीतभर-दीडवीत. सकाळी ठेवलेली पिशवी संध्याकाळीही कोरडीच.

दुसरी, पाणी किती गार असेल हे तारखेवरून कळत नाही. मिस्त्राल जोरात वाहिला की वरचं कोमट पाणी तो किनाऱ्यापासून आत लोटतो आणि त्याच्या जागी खोलातलं गार पाणी वर येतं. काल चोवीस अंशांवर असलेला समुद्र आज सोळा-सतरावर असू शकतो, तेही ऐन ऑगस्टात. म्हणून पळत जाऊन सूर मारू नका. घोटे, गुडघे, कंबर, मग मानेवर ओंजळभर पाणी, आणि मगच पोहा. कड्यावरून उड्या मारणारे पोरगे दिसतील. ते खेळ त्यांनाच लखलाभ.

तळाशी गडद हिरवे पट्टे दिसतात ते पोसिडोनियाचं कुरण. हे शेवाळ नसून फुलं येणारी वनस्पती आहे, आणि कायद्याने संरक्षित आहे. तिची वाळकी तपकिरी पानं काठावर गादीसारखी साचतात. ती घाण समजून नाक मुरडू नका, हिवाळी लाटांपासून पुळण तीच राखते. जांभळट रंगाची छोटी जेलीफिश मात्र दिसली की मुकाट्याने बाहेर या.

काही जण कमी कपड्यांत किंवा विनाकपड्यांचे पहुडलेले असतील. कोणी बघत नाही, आपणही बघू नये, आणि कॅमेरा समुद्राकडे ठेवावा.

सुजितोंचा पर्याय

गर्दी अजिबात नको असेल आणि बेत आधी ठरत असेल, तर मार्सेयच्या ल्युमिनी भागातून सुजितों या दुसऱ्या कालांकला उतरा. माणसांच्या पायांनी तिथली माती इतकी वाहून गेली की 2022 पासून उन्हाळ्यातल्या ठरावीक दिवशी रोज फक्त 400 जणांना सोडतात. त्याआधी गर्दीच्या दिवशी अडीच हजार येत. नोंदणी फुकट असते, पण ऑनलाइन आगाऊ करावी लागते, आणि वाटेवर क्यूआर कोड तपासतात.

परत कधी निघायचं

अकराच्या सुमारास कयाकवाले येऊ लागतात, बोटींचे भोंगे ऐकू येतात, वरून माणसांची रांग उतरू लागते. तेव्हा उठा. चढण उन्हात येते, म्हणून निदान अर्धा लिटर पाणी शिल्लक हवंच. खाली फोनला रेंज मिळेलच असं नाही; कोणी घसरलं तर एकाने जखमीपाशी थांबायचं आणि दुसऱ्याने वर पठारावर जाऊन 112 लावायचा. म्हणून या वाटेला एकट्याने जाऊ नका.

कासीत परतल्यावर स्टेशनची बस किती वाजता आहे ते जेवायला बसण्याआधी बघून ठेवा. ती चुकली तर दमलेल्या पायांनी तीन किलोमीटर चढ आहे, आणि मी तो एकदा चढलोय.