लिनक्स टाकताय? या चुका टाळा (आणि डी ड्राइव्हवरच्या बॅकअपला बॅकअप म्हणू नका)

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि तेव्हापासून माझा फोन म्हणजे लिनक्सचं कस्टमर केअर झालाय. लॅपटॉप जुना, विंडोज ११ चढत नाही, कुणीतरी सांगितलं विंडोजच्या जागी लिनक्स टाक, फुकट असतं. टाका की, मी पण तेच सांगतो. पण लोक तेच तेच घोळ घालतात आणि रात्री साडेदहाला "दादा काळी स्क्रीन आलीय" म्हणून फोटो पाठवतात, तोही तिरका आणि नेमकी एररची ओळ कापलेला.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे बॅकअप डी ड्राइव्हवर ठेवणं. हसू नका, दहातले चार जण हेच करतात.

माझा मावसभाऊ तासगावकडचा, द्राक्षबाग आहे. माल एक्सपोर्टला जातो, त्यामुळे कुठल्या तारखेला कुठलं औषध किती मारलं याची नोंद ठेवावीच लागते, तीन वर्षांच्या त्या सगळ्या एक्सेल शीट लॅपटॉपवर. उबंटू (लिनक्सचाच एक प्रकार) टाकायच्या आधी मी फोनवर विचारलं, बॅकअप घेतलास का? "घेतला की, सगळं डीमध्ये टाकलंय." आणि मी गडबडीत होतो, "बरं" म्हणून फोन ठेवला, तेवढी चूक माझी.

आता बघा, सी आणि डी या बहुतेक लॅपटॉपमध्ये दोन डिस्क नसतातच, एकाच डिस्कचे पाडलेले दोन भाग असतात, एका खोलीत मधे पार्टिशन घातल्यासारखे. इन्स्टॉलरमध्ये "इरेज डिस्क अँड इन्स्टॉल उबंटू" निवडलं की पार्टिशनसकट खोली साफ. त्यात लिनक्सला सी, डी ही अक्षरं माहीतच नाहीत, तिथे एसडीए१, एसडीए२ असली नावं दिसतात, त्यामुळे नवीन माणसाला आपण नक्की काय पुसतोय हे कळत नाही आणि तो नेक्स्ट, नेक्स्ट करत सुटतो.

संध्याकाळी फोन, "दादा, डी कुठाय?"

मी म्हटलं आत्ताच्या आत्ता लॅपटॉप बंद कर, त्यावर काहीही सेव्ह करू नको. रविवारी गेलो, लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करताच लिनक्स चालतं तो) बूट केलं, बाहेरची हार्ड डिस्क लावली आणि पुसलेल्या फाइली शोधणारं फोटोरेक चालवलं. नाव फोटोरेक असलं तरी ते एक्सेल, पीडीएफ पण खणून काढतं, फक्त फाइलींची मूळ नावं परत येत नाहीत. फोल्डरवर फोल्डर आणि आत नुसती एफ अक्षरापुढे लांबलचक आकडे असलेली नावं. दोन रविवार आम्ही एकेक शीट उघडून तारखा जुळवत बसलो, मावशी चहा आणून आणून दमली. दोन वर्षांचं मिळालं, तिसऱ्याच्या जागेवर उबंटू बसलं होतं, ते त्याने औषध दुकानाची बिलं काढून भरून काढलं. बरं, ती जुनी फिरती हार्ड डिस्क होती. एसएसडी असती तर ट्रिम होऊन, म्हणजे पुसलेली जागा आतून साफ होऊन, बहुधा काहीच हाती लागलं नसतं.

माझी सवय सांगतो. डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करायचा, दुसऱ्या कंप्युटरला लावून चार-पाच फाइली खरंच उघडून बघायच्या, मग ती डिस्क काढून कपाटात ठेवायची आणि त्यानंतरच इन्स्टॉलर सुरू करायचा. लावून ठेवलेली डिस्कसुद्धा लोकांनी पुसलेली बघितलीय मी.

विंडोज पण ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये जाऊन फास्ट स्टार्टअप (यात विंडोज पूर्ण बंद होतच नाही) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्ह नुसत्या वाचता येतील, लिहिता येणार नाहीत. बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. कागदावर म्हणजे कागदावर, त्याच लॅपटॉपवरच्या नोटपॅडमध्ये नाही.

"ट्राय उबंटू" हा पर्याय शोभेला दिलेला नाही. पेनड्राइव्हवरूनच तासभर चालवा, वायफाय, आवाज, ब्राइटनेस, प्रिंटर सगळं तपासा. पण नाही, यांना घाई.

दुसरा माझा आवडता घोळ, कुठूनतरी कमांड उचलून टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, चिकटवणं. ऑफिसातल्या एका पोराला पायथनचं (प्रोग्रॅमिंगची भाषा) नवीन व्हर्जन हवं होतं, म्हणून त्याने आधी जुनं काढलं, सुडो एपीटी रिमूव्ह पायथन३. उबंटूचा अर्धा संसार त्याच पायथनवर चालतो. एपीटीने, म्हणजे सॉफ्टवेअर टाकणाऱ्या-काढणाऱ्या प्रोग्रॅमने, काय काय उडणार त्याची यादी दाखवली, त्यात उबंटू-डेस्कटॉप असं स्पष्ट लिहिलेलं, आणि विचारलं, करू का? याने वाय दाबलं. रीस्टार्ट केल्यावर नुसती काळी स्क्रीन आणि लॉगिन. लॅन केबल लावली, व्हार-लॉग-एपीटीमधली हिस्टरी फाइल उघडून काय काय गेलंय ते बघितलं आणि सगळं परत टाकलं, दुपार गेली. "मला वाटलं नेहमीसारखं यस करायचं असतं" म्हणे. एपीटी "रिमूव्ह" म्हणून यादी दाखवतंय तर ती वाचा हो, मी तर अजून बोट ठेवून वाचतो. आणि परमिशन डिनाइड आलं की सीएचमॉड ७७७ (सगळ्यांना सगळी परवानगी) मारणाऱ्यांशी मी बोलतच नाही.

पासवर्ड टाइप करताना टर्मिनलमध्ये काही दिसत नसेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही. टाइप करा, एंटर मारा.

पहिल्याच दिवशी आर्च (सगळं स्वतः जुळवावं लागणारं लिनक्स) टाकू नका. व्हिडिओत भारी दिसतं ते, कळतं मला. मिंट टाका नाहीतर उबंटूचं एलटीएस (जास्त काळ सपोर्ट मिळणारं व्हर्जन), २४.०४ म्हणजे एप्रिल २०२४ चं, पाच वर्षं अपडेट मिळतात, आणि सहा महिने तेच वापरा. दर आठवड्याला नवा डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा नवा प्रकार, टाकणाऱ्यांना फक्त इन्स्टॉल करता येतं, वापरता काही येत नाही.

जुन्या डीटीपीवाल्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या मराठी फाइली लिब्रेऑफिसमध्ये उघडल्या की एफ, स्लॅश, कंस असला कचरा दिसतो. लिनक्स खराब नाही, फाइलच तशी आहे. विंडोज जिवंत आहे तोवर सगळं युनिकोडमध्ये करून घ्या.

ड्युएल बूटवर (एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही) घड्याळ साडेपाच तास इकडेतिकडे होतं, कारण विंडोज मदरबोर्डवरची वेळ लोकल धरतं आणि लिनक्स यूटीसी, म्हणजे जागतिक वेळ. टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १ (timedatectl set-local-rtc 1) ही कमांड एकदा द्या, विषय संपला. आणि वायफायचा ड्रायव्हर नसेल तर तो डाउनलोड करायला नेट कुठून आणू असं विचारू नका, मोबाइल यूएसबीने लावा, टेदरिंग चालू करा, लगेच नेट येतं.