पद्मिनीला रुंद टायर बसवताना मागच्या मडगार्डच्या कामात या चुका टाळा

प्रीमियर पद्मिनीला मूळच्या अरुंद टायरऐवजी १८५ मिलिमीटर रुंदीचे रेडियल टायर बसवले, की डिक्की भरलेली असताना किंवा खड्ड्यातून जाताना मागची चाके घासू लागतात आणि अनेक गॅरेजांत त्यावर पहिला उपाय म्हणून ग्राइंडर हाती घेतला जातो. त्याआधी टायर नेमका कुठे आणि कशामुळे घासतो, हे पाहिलेच पाहिजे.

पहिला संशय पाट्यांवर, म्हणजे मागच्या एक्सलवर गाडीचे वजन पेलणाऱ्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर, घ्यावा. इतक्या जुन्या गाडीचे पाटे बरेचदा दबून खाली बसलेले असतात आणि शॅकलचे (पाटा गाडीला जोडणाऱ्या कडीचे) बुश झिजले असतील तर वळणावर संपूर्ण एक्सल आडवा सरकतो. पाटे आणि बुश ही दोन कामे केल्यावर कित्येकदा पत्र्याला हात लावावा लागत नाही.

सपाट जागी उभ्या गाडीत बोटे घालून अंतर चाचपणे, ही दुसरी चूक. डिक्कीत वजन ठेवावे, पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे लावावेत, गिअर न्यूट्रल करून हँडब्रेक सोडावा आणि एक्सलच्या एका टोकाखाली जॅक लावून ते रबरी स्टॉपला (एक्सलची वरची हालचाल थांबवणाऱ्या रबराला) टेकेपर्यंत उचलावे. एक टोक वर गेल्याने एक्सल तिरका होतो व टायरचा माथा आत झुकतो, त्यामुळे आतल्या पत्र्याला होणारा स्पर्श याच स्थितीत उघड होतो. टायरच्या कडांना खडू फासून चाक हाताने फिरवले, की घासण्याची जागा पत्र्यावर उमटते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे मडगार्डची आत वळलेली कड सरसकट कापून टाकणे. पद्मिनीसारख्या मोनोकॉक (वेगळी चॅसी नसलेल्या, पत्र्याचा सांगाडाच भार पेलणाऱ्या) गाडीत बाहेरचा पत्रा आणि चाकाच्या घराचा आतला पत्रा याच कडेला स्पॉट वेल्डिंगने जोडलेले असतात. कड गेली की हा सांधा उघडतो, पावसाळ्यात दोन पत्र्यांच्या मध्ये चिखल साचतो आणि गंज आतून बाहेर येतो. त्यावर लांबी (पुट्टी) भरून कड पुन्हा गोल दाखवता येते, पण लांबी पत्रे जोडत नाही. म्हणून शक्यतो कड कापू नये, वर दुमडावी. हीट गनने रंग कोमट करून कड दुमडण्याचा रोलर थोडा-थोडा दाबत न्यावा, कारण थंड रंग तडकतो. मग तडे गेलेल्या जागी प्रायमर आणि सांध्यावर सीलर लावावा. कापणे अटळच असेल, तर थोडे कापावे, तेवढे लगेच वेल्ड करावे आणि मगच पुढे सरकावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची तार काढावी आणि पेट्रोलची टाकी व नळी कुठून जाते, हे डोळ्यांनी पाहून घ्यावे.

कागदपत्रांचा विचार तर बहुतेक जण करतच नाहीत. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार व्हिंटेज नोंदणीसाठी गाडी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपात असावी लागते, आणि बॉडी शेलमधला (गाडीच्या पत्र्याच्या सांगाड्यातला) बदल त्यात बसत नाही. पद्मिनी हे नाव धारण केलेल्या १९७४ च्या सुरुवातीच्या गाड्या आता त्या वयाच्या झाल्या आहेत; त्यांच्या मालकांनी पत्रा कापण्याऐवजी मूळ मापाच्या जवळचा टायर निवडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.