ओला कॅनव्हास आणि दोन शेपट्या

माझ्या चित्रांच्या खोलीत दोन कुत्री राहतात, की त्यांच्या खोलीत मी चित्रं काढते, हे अजून ठरायचंय. बंड्याने ओल्या आकाशावरून शेपूट फिरवली, तेव्हापासून शेपटीच्या टप्प्यात मी काहीच ओलं ठेवत नाही. ब्रश धुण्याचं पाणीसुद्धा जड बुडाच्या बरणीत, टेबलाच्या मागच्या कडेला.

पण खरी भीती सांडण्याची नाही, चाटण्याची. कॅडमियम, कोबाल्ट, झिंक व्हाइट हे रंग पोटात जाता कामा नयेत. तैलरंग पातळ करायचं टर्पेंटाइन तर त्याहून वाईट. पंजाला लागलं की कुत्रं चाटणारच. गिळलंच, तर उलटी करवू नका, उलटताना ते फुप्फुसात जाऊ शकतं. थेट पशुवैद्याला फोन करा. तैलरंगातल्या जवसाच्या तेलाने माखलेल्या चिंध्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो, म्हणून त्या पाण्यात बुडवून झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायच्या. या सगळ्याला कंटाळून मी तैलरंग सोडून पाण्यात कालवायच्या अ‍ॅक्रिलिकवर आले. अर्थात, त्याच्या ट्यूबाही कुलपातच.

दार बंद करून पाहिलं. ढब्बू बाहेर रडायची, मी आत चिडायचे. आता दाराला बुटकं फाटक आहे: मी दिसते, पण हाती लागत नाही. कामाआधी अर्धा तास फिरवते आणि मनसोक्त हुंगू देते. माझी दोघं पळण्यापेक्षा हुंगून जास्त दमतात. मग दोन तास माझे.

व्हार्निशच्या दिवशी मात्र दार बंदच. तरी एखादा केस चिकटतोच. चिमटा हाताशी ठेवा.