पाण्याच्या इंकजेट शाईत बाइंडर टाकायच्या आधी काय काय तयार ठेवायचं

बाइंडरचं, म्हणजे रंग कागदावर किंवा कापडावर धरून ठेवणाऱ्या पॉलिमरचं, सॅम्पल हातात आलं की लगेच शाईत घालून प्रिंट काढायची घाई होते, पण त्याआधी शाई कुठल्या हेडमधून (प्रिंटरचा शाईचे थेंब सोडणारा भाग) जाणारे आणि कशावर छापायचंय हे ठरवून घ्या. थर्मल हेडमध्ये हीटर शाई तापवून बुडबुडा तयार करतो, तिथे पॉलिमरचा थर हीटरवरच बसू शकतो, म्हणून बाइंडर जपूनच. पिझो हेडमध्ये, जिथे विजेने आकार बदलणारा घटक शाई ढकलतो, जरा मोकळीक असते, तरी हेडच्या डेटाशीटवरची व्हिस्कॉसिटीची (दाटपणाची) रेंज लिहून समोर ठेवा. कापडासाठी बहुतेकदा पॉलियुरेथेन डिस्पर्शन (पाण्यात पसरलेले पॉलिमरचे बारीक कण) बघतात कारण फिल्म लवचिक राहते आणि धुण्यात टिकते, कागदावर स्टायरिन अ‍ॅक्रिलिकपण चालून जातं.

सप्लायरकडून सॉलिड्स (पाणी सोडून उरणारा कोरडा भाग), पीएच, कणांचा आकार आणि फिल्म बनायला कमीत कमी किती तापमान लागतं हे आकडे मागून घ्या. हे तापमान फार कमी असेल तर कागदावर फिल्म छान बनेल पण तशीच नोझलच्या तोंडावरही बनेल, आणि ह्या कामातली खरी ओढाताण हीच आहे. त्यात शाईतली सॉल्व्हंट पॉलिमरला मऊ करतात, म्हणजे हे तापमान शाईत गेल्यावर आणखी खाली येतं. बाइंडरमधलं आम्ल कुठल्या अल्कलीने न्यूट्रलाइझ केलंय तेही विचारा, अमोनिया असेल तर तो उडून जातो, पीएच पडतो आणि वाळलेला बाइंडर परत पाण्यात यायला तयार नसतो.

हिशोब आधीच करून ठेवा. ५०० ग्रॅम शाईत ५ टक्के कोरडा बाइंडर म्हणजे २५ ग्रॅम, डिस्पर्शन ३५ टक्के सॉलिड्सचं असेल तर साधारण ७१.४ ग्रॅम घ्यावं लागेल आणि त्यातलं ४६.४ ग्रॅम पाणी रेसिपीच्या पाण्यातून वजा करायचं, हे राहिलं की सगळंच पातळ होतं. पाणी डीआयच (क्षार काढलेलं) हवं, नळाच्या पाण्यातलं कॅल्शियम अ‍ॅनायनिक (ऋण भाराचं) डिस्पर्शन फोडतं. ग्लायकॉल (शाई लवकर वाळू न देणारं सॉल्व्हंट) थेट बाइंडरवर ओतू नका, आधी पाण्यात मिसळा, मग सर्फॅक्टंट (शाई नीट पसरवणारा साबणासारखा पदार्थ), पीएच बघा, मग बाइंडर हळूहळू, हवा अडकणार नाही इतपतच ढवळत.

पहिली बॅच पिगमेंटशिवाय (रंगाच्या कणांशिवाय) करा हे मी आग्रहाने सांगेन, कारण काळ्या शाईत बारीक दाणे दिसतच नाहीत, बिनरंगी द्रवात लगेच दिसतात. मग पिगमेंट घातलेल्या शाईचा एक थेंब काचेच्या स्लाइडवर पूर्ण वाळू द्या, त्याच्या कडेला त्याच शाईचा ताजा थेंब सोडा आणि भिंगातून बघत रहा. कडा विरघळून ताज्या शाईत मिसळली तर पुढे जा, पण पापुद्रे सुटून तरंगायला लागले तर प्रिंट कितीही घासून टिकत असली तरी ती शाई हेडमध्ये भरू नका, कारण तेच पापुद्रे नोझलमध्ये अडकतात.

फिल्टर १ मायक्रॉनचा, आणि गाळायला किती वेळ लागला ते नोंदवा, मध्येच वेग मंदावला तर काहीतरी गोळा होतंय समजा. एक बाटली ६० अंशाच्या ओव्हनमध्ये २ आठवडे, एक बाहेर, दोन्हीची व्हिस्कॉसिटी, पीएच आणि कणांचा आकार आधी आणि नंतर. बाटलीचं वजन ठेवण्याआधीच करून घ्या, झाकणातून पाणी उडालं असेल तर व्हिस्कॉसिटी वाढलेली दिसते आणि दोष उगाच बाइंडरवर जातो.

हेडमध्ये भरायच्या दिवशी शाई व्हॅक्यूममध्ये डीगॅस करा (आतली हवा काढा) आणि फ्लश (हेड धुवायचं द्रव) जवळ ठेवा, पण तो फ्लश वाळलेली शाई खरंच सोडवतो का हे आधी त्याच स्लाइडवर बघून घ्या. घासण्याची टेस्ट लगेचही करा आणि २४ तासांनी परत करा, ग्लिसरीन फिल्ममध्ये रेंगाळतं आणि ती मऊ ठेवतं, त्यामुळे नुसत्या पहिल्या आकड्यावरून बाइंडर बाद करू नका.