सीमाभागात निवेदन देताय? या चुका टाळा

कर्नाटकातल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी माणसांच्या निवेदनांत ‘प्रति’च्या खाली अनेकदा राष्ट्रपती, पंतप्रधान, महाराष्ट्र आणि कर्नाटक या दोन्ही राज्यांचे मुख्यमंत्री आणि जिल्हाधिकारी असे सगळे एकदम दिसतात. इतक्या जणांना लिहिलेलं पत्र कुणाचंच होत नाही. एक कचेरी ते ‘पुढील कार्यवाहीसाठी’ दुसरीकडे ढकलते आणि फाइल फिरत राहते. मागणी रास्त असूनही ती अशी वाया जाते, याचं फार वाईट वाटतं.

विषय कुणाचा, हे न बघता लिहिणं

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत तीन याद्या आहेत. रेल्वे, राष्ट्रीय महामार्ग, संरक्षण, कॅन्टोन्मेंट हे विषय केंद्राचे. पोलीस, जमीन, महापालिका आणि ग्रामपंचायती राज्याच्या. टिळकवाडीतलं रेल्वे गेट तासन्‌तास बंद राहत असेल तर पत्र रेल्वेला. गेटपर्यंतच्या गल्लीत खड्डे असतील तर महापालिकेला. दोन्ही तक्रारी एकाच कागदावर लिहिल्या की दोघांनाही हात झटकायला वाव मिळतो. कॅम्पातल्या दिव्यांसाठी आधी तो भाग कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे आहे की महापालिकेकडे, ते विचारून घ्या.

तिसरी यादी समवर्ती. शिक्षण आणि वनं १९७६च्या ४२व्या घटनादुरुस्तीने राज्याच्या यादीतून या यादीत आली. इथे केंद्र आणि राज्य दोघंही कायदा करू शकतात. दोन्ही कायदे एकमेकांना छेद देत असतील तर सहसा केंद्राचा टिकतो (कलम २५४). पण शाळेत शिक्षक नेमणं, वर्ग चालवणं हे राज्याचं शिक्षण खातंच करतं. गुरुजी नाहीत म्हणून दिल्लीला लिहून उपयोग नाही.

‘भाषा राज्याच्या हातात, आपल्याला काहीच नाही’ असं मानणं

ही चूक सगळ्यांत महागात पडते. राज्याची राजभाषा राज्याचं विधिमंडळ ठरवतं (कलम ३४५), हे खरंच. पण त्यापुढची कलमं आपल्याकडे कुणी उघडतच नाही. ३५० नुसार तक्रार निवारणाचं निवेदन राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतं, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना मराठीतूनसुद्धा. उत्तर मराठीत मिळेलच असं मात्र त्यात म्हटलेलं नाही, म्हणून सोबत कन्नड प्रत जोडणं शहाणपणाचं. ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला सांगतं. ३५०-ख मध्ये राष्ट्रपतींनी नेमलेला विशेष अधिकारी येतो, ज्यांना आपण भाषिक अल्पसंख्याक आयुक्त म्हणतो. ते आदेश देत नाहीत, पण त्यांचा अहवाल संसदेपुढे आणि राज्य सरकारकडे जातो. त्यांना लिहिताना ‘अन्याय होतो’ एवढ्यावर थांबू नका. शाळेचं नाव, मुलांची संख्या, किती जागा रिकाम्या, कधी अर्ज केला हे सगळं द्या. अहवालात नोंद करायला तेवढंच कामी येतं.

एक बारकावा. जिथे भाषिक अल्पसंख्याक १५ टक्के किंवा जास्त आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही निघाव्यात, हे केंद्र आणि राज्यांच्या सहमतीने ठरलं आहे. ते राज्यघटनेतलं कलम नाही. अर्जात ‘घटनेनुसार १५ टक्के’ असं लिहिलंत तर समोरचा तिथेच बोट ठेवेल.

सीमाप्रश्नात सगळ्यांची कामं एकत्र करणं

विधानसभेच्या ठरावाने सीमा हलत नाही, मग तो मुंबईत होवो की बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये (कर्नाटक विधिमंडळाची तिथली इमारत). सीमा बदलण्याचा कायदा संसदच करते (कलम ३). राष्ट्रपती संबंधित राज्यांच्या विधिमंडळांचं मत मागवतात, पण ते संसदेवर बंधनकारक नाही; कर्नाटकची संमती लागतेच, हा समज चुकीचा. सीमावादासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला देण्याची शिफारस होती, तीही शिफारसच राहिली. महाराष्ट्राने २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात लावलेला दावा ही वेगळी वाट आहे, कारण राज्याराज्यांतला वाद कलम १३१ नुसार थेट तिथेच जातो.

दावा चालू आहे म्हणून गावच्या मराठी शाळेचा अर्ज थांबवू नका. तो बंगळूरच्या शिक्षण खात्याला द्या, प्रत आयुक्तांना पाठवा, आणि आवक क्रमांक व शिक्का असलेली पोच घेतल्याशिवाय कचेरीतून बाहेर पडू नका.