दहावीनंतर डिप्लोमा: अर्जापासून नोकरीपर्यंत

पॉलिटेक्निकचे अर्ज आणि पावसाळा कोकणात एकत्रच येतात. नेमकी तेव्हाच लाइट जाते, नेटवर्क जातं. म्हणून दाखल्यांसाठी सेतू केंद्रात एप्रिल-मे मध्येच जा. आरक्षणासाठी लागणारं नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र त्या शैक्षणिक वर्षाच्या ३१ मार्चपर्यंत वैध लागतं; मुदत उलटलेलं जोडलं तर अर्ज खुल्या गटात धरला जातो.

खरी चूक होते ती कॉलेजांच्या पसंतीक्रमात. पहिल्या क्रमांकाची जागा मिळाली की ती आपोआप गोठते, पुढच्या प्रवेशफेऱ्या बंद. 'असू दे' म्हणून घराजवळचं कॉलेज वर टाकलंत तर तेच पदरात पडेल. रत्नागिरी किंवा मालवणचं शासकीय पॉलिटेक्निक खरंच हवं असेल तर तेच एक नंबरला लिहा.

शाखा निवडताना आसपासचं काम बघा. लोटे-परशुराम आणि महाडला रासायनिक कारखाने, जयगडला बंदर आणि वीजप्रकल्प. अशा ठिकाणी मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, केमिकलवाल्यांना काम असतं, पण शिफ्टमध्ये. रात्रपाळी नको असेल तर आधीच विचार करा. कॉम्प्युटरला बहुतेकांना मुंबई-पुणे गाठावंच लागतं.

पहिल्या वर्षी दोन गोष्टी नडतात. एक ड्रॉइंग. वस्तूच्या वेगवेगळ्या बाजूंची चित्रं मांडायची आपल्याकडे फर्स्ट अँगल पद्धत शिकवतात: टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली, डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे. यूट्यूबवरचे अमेरिकी व्हिडिओ थर्ड अँगलचे असतात, तिथे सगळं उलटं. शीटवर दोन्हींची खिचडी झाली की गुण गेलेच.

दुसरी वर्कशॉप. फिटिंगच्या जॉबवर, म्हणजे घासायला दिलेल्या लोखंडी तुकड्यावर, गुण्या (काटकोन तपासायचं अवजार) लावून उजेडाकडे धरा. दोन्ही टोकांना उजेड दिसतो आणि मध्ये नाही, म्हणजे जॉबला पोट आलंय. कारण कानस झोके खाते. घाव सुरू होताना पुढच्या हाताचा दाब जास्त, संपताना मागच्या हाताचा. परतीला दाब नकोच. तास संपला की जॉबला तेलाचा हात फिरवा. खाऱ्या हवेत पावसाळ्यातलं उघडं लोखंड एका रात्रीत तांबूस होतं, आणि गंज घासता घासता माप जातं. मोजमापाचं व्हर्नियर ०.०२ मिमीसुद्धा लपू देत नाही.

डिप्लोमानंतर खुल्या गटाला ४५ टक्क्यांवर थेट दुसऱ्या वर्षाला पदवीला जाता येतं. लोणेऱ्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहेच. घरी पैशाची निकड असेल तर आधी एक वर्षाची अप्रेंटिसशिप करा, विद्यावेतन मिळतं. रेल्वेची ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा डिप्लोमावर देता येते. तिच्यात गणित आणि रीझनिंगही येतं, आणि तिसऱ्या वर्षापर्यंत बहुतेकांचं दहावीचं गणित गंजलेलं असतं. रोज अर्धा तास ते सोडवत राहा.